कंट्रोल लाईन विमानाचा किट बांधायलोय, शेपूट जड झालंय. नाकात शिसं घालू का?

औसा_नाका | १४ एप्रिल, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. पोराची आठवीची परीक्षा संपली, आता दोन महिने त्याच्या हातातला मोबाईल सुटावा म्हणून मी एक उपद्व्याप करून बसलोय. कंट्रोल लाईन विमानाचा बाल्साचा किट मागवला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. याला रिमोट नसतो. विमानाच्या डाव्या पंखातून दोन तारा निघतात, त्या आपल्या हातातल्या हँडलला बांधायच्या, आपण मधी उभारायचं अन् विमान आपल्याभोवती गोल फिरत राहतं. पंखाच्या आत बेलक्रँक म्हणून एक तिकोनी पट्टी असते, ती एका खिळ्यावर फिरते. तारा मागंपुढं ओढल्या की ती फिरते, तिच्यातून एक दांडी शेपटाकडं गेलेली असते, ती एलिव्हेटर, म्हणजे शेपटाची वरखाली हलणारी पट्टी, हलवते. बास, वर अन् खाली एवढंच आपल्या हातात. डावंउजवं काही नाही, तारेनं बांधलंय तर जाणार कुठं.

किट साधाच, शिकाऊ लोकांसाठीचा. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ९० सेंमी, रुंदी २० सेंमी, धड म्हणजे नुसती उभी फळी. नकाशात २.५ सीसीच्या ग्लो इंजिनाची जागा दिलीय, पण इंजिन महाग अन् त्याचं इंधन लातुरात कुठं शोधत बसू, म्हणून मी ब्रशलेस मोटर आणि १३० ग्रॅमची लिपो बॅटरी बसवली. इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग एका संध्याकाळी पंखाला पॉलिश पेपर मारता मारता पोरगं शेपटावर बसलं. हळूच नाही, सरळ मांडी घालून बसलं. शेपटाचे चार तुकडे. मी सुताराकडून ३ मिमी प्लायवूडचं नवीन शेपूट कापून आणलं, लई सुबक झालं, बायकोसुद्धा चांगलं म्हणाली.

आता प्रॉब्लेम असा की नकाशावर तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ५ सेंमीवर पाहिजे असं लिहिलंय आणि माझं विमान दोन बोटांवर धरलं तर ८ सेंमीवर तोल घ्यायलंय. एकूण वजन ४८० ग्रॅम. नाकात शिसं घालू का? का तसंच उडवून बघू? ३ सेंमीनं असा काय फरक पडणाराय?

चहा_कमी_साखर | १४ एप्रिल, रात्री १०:२०

तसंच उडवा. व्हिडिओ नक्की टाका.

लाईनमन_११केव्ही | १४ एप्रिल, रात्री १०:३४

मी धागा उघडला तो "कंट्रोल लाईन" वाचून. मला वाटलं सबस्टेशनचं काहीतरी असंल. वाचतोय वाचतोय अन् निघालं खेळण्यातलं इमान. असो, आलोच आहे तर बसतो.

रानवारा | १४ एप्रिल, रात्री १०:५०

शिसं घालून मोकळं व्हा राव. मासे धरायच्या गळाला लावतात ती शिशाची गोळी मिळते, चेपून नाकाला चिकटवायची. दहा मिनिटांचं काम. उगं फार विचार केला की विमान माळ्यावरच राहतं. माझ्या चुलत भावाचं राहिलंय, २०१४ पासून.

जुना_कॅडेट | १५ एप्रिल, सकाळी ७:१५

मी कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगला होतो, तिथं एरोमॉडेलिंग असतंच, कंट्रोल लाईन दोन वर्षं उडवलंय. आता संभाजीनगरला असतो आणि फक्त स्कूटर उडवतो.

औसा नाका, तसं अजिबात उडवू नका. नाक थोडं जड असलेलं विमान मठ्ठ बैलासारखं चालतं, हँडल ओढलं तरी सावकाश ऐकतं, पण चालतं. शेपूट जड असलेलं विमान म्हणजे बुजलेलं खोंड. तुम्ही हँडल बोटभर हलवणार, ते पुरुषभर वर जाणार, तुम्ही घाबरून खाली दाबणार, ते जमिनीत. हे सगळं दोन सेकंदात होतं. २० सेंमी रुंदीच्या पंखाला ५ सेंमी म्हणजे चौथा हिस्सा, ती जागा उगीच दिलेली नसते. ८ म्हणजे फारच मागं.

पण शिशाला माझा विरोध आहे. चूक शेपटात, दंड नाकाला, हा कुठला न्याय.

शिवाजीनगर_पुणे_मूळ_उदगीर | १५ एप्रिल, सकाळी ९:०२

२०व्या शतकातले खेळ खेळताय काका. आमच्या गावात ड्रोन दीदी येऊन तुरीवर फवारणी करून जाते, दहा मिनिटात एकर. तुम्ही विमान दोरीला बांधून स्वतःभोवती फिरवणार. त्यापेक्षा एक छोटा ड्रोन घेऊन द्या पोराला.

रानवारा | १५ एप्रिल, सकाळी ९:१०

लातूरकरांना गोल फिरायची सवय असते, गंजगोलाईला १६ रस्ते फुटतात, एक चुकला की घाला परत फेरी.

जुना_कॅडेट | १५ एप्रिल, सकाळी ९:४०

उदगीरकर, ड्रोन छानच आहे, पण त्यात हाताला काही लागत नाही. पतंग उडवलाय ना? ढील देताना बोटाला जी ओढ लागते ती. इथं ४५०-५०० ग्रॅमचं विमान ताशी ७२ किमीने फिरत असतं, हाताला किलोभराच्या वर ओढ लागते. एक किलो साखरेची पिशवी सारखी तुम्हाला बाहेर खेचायलीय, आणि वाऱ्याचा प्रत्येक धक्का मनगटाला कळतो. स्क्रीनवर ते नाही कळत.

आणि भांडायचं असेल तर त्यातपण सोय आहे. कॉम्बॅट नावाचा प्रकार असतो, दोघांनी एकाच गोलात उभं राहायचं, दोघांच्या विमानाला कागदी फीत, समोरच्याच्या फितीचे तुकडे करायचे. म्हणजे आपली संक्रांतीची काटाकाटीच.

परभणीकरीण | १५ एप्रिल, दुपारी १:३०

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे मला हे सोडवल्याशिवाय जेवण जाणार नाही. (जगात जर्मनी भारतात परभणी, उगीच नाही म्हणत.) औसा नाका दादा, तुमचा प्रश्न म्हणजे तागडीचा प्रश्न आहे.

४८० ग्रॅमचं विमान आणि तोल ३ सेंमी पुढं पाहिजे. ४८० गुणिले ३ = १४४०. हा १४४० चा झोक कुठूनतरी नाकाकडं आणायचाय. शिसं नाकाच्या टोकाला लावणार, ते ५ सेंमीच्या खुणेपासून साधारण किती पुढं आहे? फोटोवरून मला १८ सेंमी वाटतंय. १४४० भागिले १८ = ८०. म्हणजे ८० ग्रॅम शिसं. विमानाच्या वजनाचा सहावा हिस्सा नुसतं ओझं, ज्याचा उपयोग काहीच नाही.

त्यापेक्षा बॅटरी सरकवा. ती १३० ग्रॅमची आहे, ११ सेंमी पुढं नेली तर १३० गुणिले ११ = १४३०. झालं काम, एक ग्रॅम न वाढवता.

आणि एक करा, शेपूट काढता येत असेल तर वजन करून सांगा. जुन्या शेपटाचे तुकडे आहेत का? त्यांचंही.

औसा_नाका | १५ एप्रिल, रात्री ८:५५

ताई, धन्यवाद. नाक बरोबर १८ निघालं, फोटोवरून कसं ओळखलं काय की. बॅटरी ११ सेंमी सरकंना, पुढं मोटर आहे, जास्तीत जास्त ५ सेंमी जागा आहे.

वजनाचं म्हणाल तर घरचा काटा ५ ग्रॅमच्या खाली काही दाखवंना म्हणून सराफाकडं गेलो. मित्रच आहे. पाच जण सोनं मोजून घ्यायला बसलेले अन् मी पिशवीतून शेपूट काढलं. प्लायचं शेपूट ४७ ग्रॅम. बाल्साचे चार तुकडे मिळून १२ ग्रॅम. सराफ म्हणाला घडणावळ किती लावू.

परभणीकरीण | १५ एप्रिल, रात्री ९:०५

अहो मग सापडला की चोर! ४७ उणे १२ = ३५ ग्रॅम जास्त. शेपूट खुणेपासून किती मागं? ४२ सेंमी ना? ३५ गुणिले ४२ = १४७०. आपल्याला पाहिजे १४४०. म्हणजे सगळाच्या सगळा घोळ त्या सुबक शेपटाचा आहे, बाकी विमान निर्दोष. शेपटातला एक ग्रॅम नाकातल्या सव्वादोन ग्रॅमला भारी पडतो, कारण दांडा लांब.

वहिनींना सांगू नका.

रानवारा | १५ एप्रिल, रात्री ९:१८

माघार. शिसं परत गळाला.

मांजरा_काठ | १५ एप्रिल, रात्री ११:००

पण बाल्सा लातुरात आणायचा कुठून? मला वाटतं आपल्याकडची हलकी लाकडं बघावीत. पांगारा हलका असतो, सावंतवाडीची खेळणी पूर्वी त्याचीच करायचे. नायतर भेंड. बाशिंगं ज्याची करतात ते. कापसासारखं हलकं, ब्लेडनं कापतं.

चहा_कमी_साखर | १५ एप्रिल, रात्री ११:०६

बाशिंग बांधलेलं विमान. उतरलं की अक्षता टाका.

धाराशिव_४१३५०१ | १६ एप्रिल, सकाळी ८:२०

शेवरी पण हलकी. पानमळ्यात लावायचे. पण सरळ पट्टी मिळणं अवघड आणि पांगारा नीट वाळलेला नसेल तर आपल्या उन्हात असा पिळतो की शेपटाचा स्क्रू होईल. भेंड हलकं खरं पण जोर लावला की चुरा होतो. त्यापेक्षा दुकानाच्या पाट्या करतात ती सनपॅक शीट, किंवा थर्माकोलची दाट शीट वापरा सरळ.

जुना_कॅडेट | १६ एप्रिल, सकाळी ८:४५

सगळं आहे त्यांच्या घरात. औसा नाका, किटमधल्या ज्या बाल्साच्या शीटमधून पंखाच्या फासळ्या सुटल्या, ती उरलेली शीट कुठाय? फासळ्यांच्या मधल्या पट्ट्या उरतात ना, त्या. फेकली नसेल तर तिच्यातनं ६-७ मिमी रुंदीच्या काड्या काप आणि शेपटाचा नुसता सांगाडा बांध. चौकट, मधे तिरप्या काड्या, शिडीसारखं. वरून पतंगाचा कागद. पातळ केलेल्या फेविकॉलनं चिकटव, वाळल्यावर हलकं पाणी फवार, सुकताना ताणून बसतो. पण सुकेपर्यंत सपाट फळीवर टाचण्या टोचून वर पुस्तकं ठेव, नाहीतर जिलेबी होते. आमची झाली होती.

औसा_नाका | १६ एप्रिल, दुपारी २:१०

मी फेकली होती. पोरानं कचऱ्यातनं उचलून दप्तरात ठेवलेली निघाली, "चांगलं लाकूड होतं" म्हणून. त्याला शेपटाबद्दल माफ केलंय.

बार्शी_नाका_बीड | १६ एप्रिल, रात्री ९:३०

एक शंका. तारेऐवजी नायलॉनचा मांजा चालतो का? घरी पडलाय.

जुना_कॅडेट | १६ एप्रिल, रात्री ९:४१

नाही. एकतर त्याच्यावर २०१७ पासून बंदी आहे, घरी पडलाय हेच इथं लिहायला नको होतं. दुसरं म्हणजे नायलॉन ताणतो. तुम्ही हँडल वाकवणार, दोरा आधी लांबणार आणि मग बेलक्रँकला कळणार. विमानाला निरोप उशिरा पोचतो. म्हणून स्टीलची पीळदार तार. औसा नाकांच्या किटबरोबर आली असेलच.

आणि तारा जोडताना एक लक्षात ठेवा सगळ्यांनीच. वरची तार कुठली आणि खालची कुठली. माझ्या दुसऱ्या वर्षी सीनियर म्हणाला मी जोडतो तू हँडल धर. त्याने उलट्या जोडल्या. मी हँडल वर केलं, विमान खाली गेलं, मी म्हटलं अरे कमी पडतंय म्हणून अजून वर केलं. तीन आठवडे बांधलेलं विमान अर्ध्या फेरीत जमिनीत, इंजिन चिखलात वीतभर आत. त्या दिवसापासून उडवायच्या आधी हँडल वर, एलिव्हेटर वर, हे डोळ्यानं बघितल्याशिवाय मी कुणाला विमान सोडू देत नाही. तारांची ओढपण तपासा, विमानाच्या वजनाच्या दहापट ओढून बघायचं असा आमच्याकडं नियम होता. ५ लिटरचा तेलाचा डबा टांगा, तेवढंच होतं.

लाईनमन_११केव्ही | १६ एप्रिल, रात्री १०:०२

थांबा थांबा. स्टीलची तार म्हणता? मला वाटलं दोरा असंल.

आता हसायचं सोडून वाचा. स्टीलची तार हातात धरून तुम्ही रानात उभारणार, आपल्याकडं रानारानातनं ११ केव्ही गेलीय. इमान एकदा त्या तारेला घासलं तर हँडल प्लास्टिकचं आहे का लाकडाचं आहे हे बघायला तुम्ही ऱ्हाणार नाही. ११ हजार व्होल्टला शिवायची पण गरज नसते, जवळ गेलं तरी उडी मारते. जागा बघताना आधी मान वर करून बघा, मग खाली. शेजारच्या शेतातनं लाईन गेली असंल तर ती जागाच सोडा. अन् अडकलंच कुठं तारेवर तर इमान गेलं समजा, काठीनं काढायला जाऊ नका, फोन करा आम्हाला. आम्ही काढू. शिव्या देऊ पण काढू.

परभणीकरीण | १६ एप्रिल, रात्री १०:१०

लाईनमन काका, हा आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा प्रतिसाद.

मांजरा_काठ | १७ एप्रिल, सकाळी ६:५०

जागा किती लागते पण? आपल्या भाषेत सांगा, मीटर नको.

परभणीकरीण | १७ एप्रिल, सकाळी ७:३०

तारेसकट त्रिज्या १५.९२ मीटर धरतात. हा आकडा गंमतीचा आहे, एवढी त्रिज्या घेतली की एक फेरी बरोबर १०० मीटरची होते, १० फेऱ्या म्हणजे १ किलोमीटर, मोजायला सोपं. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ ८ गुंठे. बघणारे लोक लांब राहावेत म्हणून २० मीटर धरा, साडेबारा गुंठे.

चहा_कमी_साखर | १७ एप्रिल, सकाळी ७:३८

एवढ्यात चार प्लॉट पडतात हो.

आबा_निलंगा | १७ एप्रिल, दुपारी १२:१५

सगळं वाचून काढलं. तुमचं हे इमान म्हणजे आमचं खळं आहे. पूर्वी मळणीला खळं करायचे, शेणानं सारवून गुळगुळीत, मधी तिवडा रोवलेला, त्याला बैलांची पात बांधायची आणि ती दिवसभर गोल फिरायची. तिवडा म्हणजे मधला खांब, नव्या पोरांसाठी सांगतो. तुम्ही तिवडा, इमान म्हणजे बैल. फरक एवढाच की आमचा तिवडा गरगरत नव्हता.

आता मळणी यंत्र आलं, खळी गेली. पण औशाकडच्या कुणाच्या माळावर जुनं खळं असेल तर तिथली जमीन अजून टणक असते. काळ्या रानात नका जाऊ, एप्रिलात भेगा पडल्यात अन् ढेकळं डोक्याएवढी. इमानाची चाकं पहिल्याच ढेकळाला निघतील.

औसा_नाका | १७ एप्रिल, दुपारी १२:४०

आबा, चाकं काढूनच टाकतो, हातातनं सोडायचं. गरगरण्याचं मात्र मलापण भ्या वाटायलंय. फेरीला ५ सेकंद धरले तर ४ मिनिटात ४८ फेऱ्या होतात. लग्नात सात पावलं चाललो तेव्हाच तोल गेला होता.

जुना_कॅडेट | १७ एप्रिल, दुपारी १:०५

विमानाकडंच बघायचं, मागच्या झाडांकडं नाही. विमान डोळ्यासमोर स्थिर असतं, पळतं ते बाकीचं जग. जगाकडं बघितलं की गेलात. आणि उतरल्यावर लगेच चालायला जायचं नाही, दोन मिनिटं उभं राहायचं. फिरायचं डाव्या हाताला, म्हणजे देवाच्या प्रदक्षिणेच्या उलटं.

हा प्रकार १९४० च्या सुमारास अमेरिकेत जिम वॉकरने यू-कंट्रोल नावानं लोकप्रिय केला. तो गडी एकाच वेळी तीन विमानं उडवून दाखवायचा, दोन हातात दोन आणि तिसऱ्याचं हँडल डोक्याला बांधून. ४८ फेऱ्यांचं काय घेऊन बसलात.

धाराशिव_४१३५०१ | १७ एप्रिल, दुपारी १:२०

इंजिनाचं काय म्हणत होता, एनसीसीत? त्याचं इंधन कसलं असतं?

जुना_कॅडेट | १७ एप्रिल, दुपारी ३:००

आहाहा. विषयांतर आहे पण विचारलंच आहे म्हणून. ग्लो इंजिनाला मिथेनॉल आणि एरंडेल, वर थोडं नायट्रोमिथेन. डिझेलवालं छोटं इंजिन असतं त्याला ईथर, रॉकेल आणि एरंडेल. म्हणजे एरंडेल दोन्हीकडं आहेच, इंजिनातलं वंगण तेच करतं. धुरातनं न जळलेलं एरंडेल फवाऱ्यासारखं येतं, कपडे, केस, हँडल सगळं तेलकट. तो वास आजपण कुठं आला की मी कॉलेजात जातो. बॅचमध्ये अशी बोलवा होती की दिवसभर उडवलं की दुसऱ्या दिवशी पोट साफ, खरं खोटं देव जाणे.

पण गंमत बाजूला, मिथेनॉल विष आहे, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. पेटलेलं असतं आणि आपण हात घालतो. औसा नाकांनी मोटर लावली ते बरंच केलं. फक्त सांगा, मोटर बंद कशी करणार? हातात तर थ्रॉटल नाही.

औसा_नाका | १७ एप्रिल, रात्री ९:१०

सर्वो टेस्टर म्हणून नॉबवाली छोटी डबी लावलीय, नॉब फिरवून स्पीड ठरवायचा अन् सोडायचं. बॅटरी संपली की ईएससी, म्हणजे मोटरचा स्पीड सांभाळणारं सर्किट, आपोआप मोटर तोडते.

जुना_कॅडेट | १७ एप्रिल, रात्री ९:२५

म्हणजे तुम्हाला फिट आली, तार तुटली, कुत्रं आत आलं, तरी ते बॅटरी संपेपर्यंत फिरणार. नको. छोटा टायमर मिळतो, ईएससीला लावायचा, बटन दाबलं की थोडं थांबून सुरू, ठरवलेल्या वेळेला बंद. पहिल्यांदा एकच मिनिट ठेवा. आणि हँडलला वादी बांधून मनगटात अडकवा, हात सुटला तरी विमान सुटणार नाही.

औसा_नाका | २८ एप्रिल, रात्री ८:३०

टायमर आला, शेपूट झालं. काड्यांचा सांगाडा, वर लाल पतंगाचा कागद, वजन १४ ग्रॅम (सराफ आता ओळखतो). विमान एकूण ४४७ ग्रॅम. तेलाचा डबा टांगून तारा बघितल्या, हँडल वर एलिव्हेटर वर, तीनदा बघितलं. उद्या सकाळी साडेसहाला. आबा म्हणाले तसं खळं काही मिळालं नाही, पण मुरमाड माळ मिळालाय, एका ओळखीच्यांचा.

लाईनमन_११केव्ही | २८ एप्रिल, रात्री ८:३४

वर बघितलं का?

औसा_नाका | २८ एप्रिल, रात्री ८:३६

बघितलं काका. जवळपास खांबच नाही.

औसा_नाका | २९ एप्रिल, सकाळी ९:५०

गेलं.

तीन फेऱ्या झाल्या म्हणा. पोरानं सोडलं, उठायलाच तयार नाही, कमरेएवढ्या उंचीवर रेंगाळत राहिलं, मी हँडल पार मागं ओढून धरलंय, तरी वर येईना. तिसऱ्या फेरीला वारा आला, तारा एकदम ढिल्या पडल्या, हाताला काहीच लागंना, आणि ते सरळ माझ्याकडंच यायलं. मी मागं पळालो. मागं पळालो म्हणून तारा ताणल्या की काय माहीत नाही, पण बाजूला जाऊन पोटावर घसरलं. प्रोपेलर तुटला, बाकी खरचटलं. शेपूट शाबूत.

परभणीकरीण | २९ एप्रिल, सकाळी १०:१०

वर येईना? तोल कितीवर होता?

औसा_नाका | २९ एप्रिल, सकाळी १०:१४

३.७ सेंमी.

परभणीकरीण | २९ एप्रिल, सकाळी १०:१५

३.७ कसा? हलकं शेपूट लावल्यावर ५.१ यायला पाहिजे, मी आत्ता केलं गणित.

औसा_नाका | २९ एप्रिल, सकाळी १०:२१

मी बॅटरीपण ५ सेंमी पुढं सरकवली ना. तुम्ही म्हणाला होता बॅटरी सरकवा.

परभणीकरीण | २९ एप्रिल, सकाळी १०:२३

अहो दादा, एकतर हे नाहीतर ते! दोन्ही औषधं एकदम घेतलीत तुम्ही. १३० गुणिले ५ = ६५०, भागिले ४४७, म्हणजे जवळपास दीड सेंमी तोल उगाच पुढं नेलात. वर्गातली पोरंपण असंच करतात, दोन्ही सूत्रं लिहून ठेवतात, एखादं तर बरोबर येईल म्हणून.

जुना_कॅडेट | २९ एप्रिल, सकाळी ११:००

नाकाचं ताईंनी सांगितलं. तारा ढिल्या पडल्या त्याचं कारण दुसरं. तुमचा वारा कुठून होता? विमान वाऱ्याच्या तोंडाकडच्या बाजूला आलं की वारा त्याला तुमच्याकडं ढकलतो, ओढ कमी होते. मंद विमानाला तर जास्तच. सोडताना तुम्ही वाऱ्याकडं पाठ करून उभं राहायचं, विमान समोर, म्हणजे सुरुवातीला वारा त्याला बाहेर ढकलतो, तोपर्यंत वेग येतो. आणि मागं पळालात ते एकदम बरोबर केलंत, तेच करायचं असतं. उजव्या पंखाच्या टोकात वजन घातलंय का? डाव्या पंखाला तारांचं ओझं असतं, त्याला भरपाई म्हणून.

औसा_नाका | २९ एप्रिल, सकाळी ११:०८

नकाशात १५ ग्रॅम लिहिलं होतं. मला वाटलं चुकून छापलंय.

रानवारा | २९ एप्रिल, सकाळी ११:१२

शिसं! शेवटी शिसंच!!

शिवाजीनगर_पुणे_मूळ_उदगीर | २९ एप्रिल, सकाळी ११:३०

मी ७ तारखेला गावाकडं येतोय. ड्रोन आणतो, वरून शूटिंग करू. उडवायला पण द्याल ना एकदा?

औसा_नाका | ४ मे, दुपारी १२:१५

बॅटरी जुन्या जागी, पंखाच्या टोकात १५ ग्रॅम (गळाची गोळी, रानवारा यांच्या सन्मानार्थ), वाऱ्याकडं पाठ. पोरगं म्हणालं पप्पा तुम्ही सोडा, हँडल मी धरतो. अकरा फेऱ्या. मी मोजल्या. टायमरनं मोटर बंद झाली अन् ते घसरत येऊन गवतावर बसलं. पोरगं तिथंच उभं, हलंना, मी म्हटलं काय झालं रे, तर म्हणतंय दोन मिनिटं थांबायचं असतं.

मग मी उडवलं. सात फेऱ्या. आठव्या फेरीत मी जगाकडं बघितलं.

लाईनमन_११केव्ही | ४ मे, दुपारी १:४०

मी गेलतो बघायला, सांगून टाकतो. ड्यूटी तिकडंच होती. खांब लांब आहे, पावलं टाकून मोजलं. मला पण हँडल दिलं त्या पोरानं. चार फेऱ्यात खाली बसलो. २२ वर्षं खांबावर चढतोय, कधी गरगरलं नव्हतं.

औसा_नाका | ४ मे, दुपारी १:४४

काका, तुमची टोपी आमच्याकडं राहिलीय.